मुंबईला नवीन फॅशन हेरायला जाताय? आधी पाकीट बंद ठेवा

दिवाळीचा हंगाम जवळ आला की ओळखीच्या दोन-तीन बुटीकवाल्यांचा फोन ठरलेला. “मुंबईला निघालेय, मंगलदासमध्ये कुठल्या गल्लीत शिरू?” (मंगलदास म्हणजे मुंबईतलं कापडाचं मार्केट.) मी विचारते, “शिवणार काय आहेस?” तर म्हणतात, “ते तिथे गेल्यावर बघू.”

घोटाळा होतो तो इथेच. तिथे गेल्यावर आपल्याला दिसतं ते दुकानदाराला खपवायचं असतं. मीही एकदा अशीच रिकाम्या डोक्यानं गेले आणि ४० मीटर पोपटी जॉर्जेट घेऊन आले. “सगळं मुंबई हेच घालतंय,” असं विकणारा म्हणाला होता. त्यातलं निम्मं अजून माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे.

आधी बघायचं, मग निवडायचं आणि घ्यायचं सगळ्यात शेवटी. बहुतेक जणी उलट्या क्रमानं जातात. खालचा क्रम दोन दिवसांचा आहे: रविवार बघायला, सोमवार घ्यायला. मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं शनिवारी रात्री कराडहून निघते. तुम्ही लातूर, जळगाव किंवा रत्नागिरीहून येत असाल तर गाडी वेगळी असेल, क्रम हाच ठेवा.

## १. तारीख ठरवणे

जुलै आणि जानेवारीत मॉलमध्ये सेल असतो. तेव्हा जाऊ नका. रॅकवर गेल्या हंगामाचा उरलासुरला माल लटकत असतो आणि आपण तोच ‘नवीन’ म्हणून वहीत उतरवतो. सेल आटोपला की नवा माल लागतो. म्हणून मी ऑगस्टच्या आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात जाते. दिवाळीच्या तोंडावर जाण्यात काही अर्थ नाही, कारण तेव्हा पाहिलेलं शिवायला हातात दिवसच उरत नाहीत. दहीहंडी आणि विसर्जनाचे दिवसही टाळा. आधी कॅलेंडर बघा, मग तिकीट काढा.

तपासा: मंगलदास मार्केट रविवारी बंद असतं. दादरची बरीच दुकानं सोमवारी बंद असतात. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, आणि कुठल्या मार्गावर किती ते किती हे आदल्या दिवशी जाहीर होतं. या तीन गोष्टी न बघता गेलेल्या एका मैत्रिणीनं अख्खा रविवार मंगलदासच्या बंद दाराबाहेर भेळ खाऊन काढला होता.

## २. निघण्याआधी घरचं काम

हा टप्पा सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त पैसे याच टप्प्यावर वाचतात. एक संध्याकाळ द्या.

आधी स्वतःची ऑर्डरची वही उघडा. गेल्या तीन महिन्यांत गिऱ्हाइकांनी मोबाइलवर कुठले फोटो दाखवले, कशाला “असंच हवं” म्हणाल्या आणि शिवून दिल्यावर काय परत आलं, ते लिहून काढा. मग दहा गिऱ्हाइकं निवडा. नुसती नावं नकोत, सवयी लिहा. माझ्या वहीत असं आहे: “शाळेतल्या बाई. स्कूटीवर जातात, ओढणी नको, खिसा हवाच. बाही कोपराच्या खाली.” “दवाखान्यातली सिस्टर. रोज धुणार, इस्त्री करणार नाही.” “देशपांडे गल्लीतल्या काकू. पोटावर सैल, गळा बंद, पण रंग भडक चालतो.” मुंबईत काहीही आवडलं की ते या दहा जणींपैकी कोणाच्या अंगावर जाईल हे तिथल्या तिथे लिहायचं. नाव सुचलं नाही तर ती वस्तू फक्त तुम्हाला आवडलेली आहे.

दुसरं, कपाटात पडून असलेल्या कापडाच्या बोटभर चिंध्या कापून वहीत स्टेपल करा आणि शेजारी किती मीटर उरलंय ते लिहा. मुंबईत मिळालेल्या एखाद्या लेसनं जुना ताका सुटतो. ही कमाई नव्या मालापेक्षा मोठी असते.

सोबत घ्यायचं ते एवढंच: वही, स्टेपलर, मापाची टेप, छोटी कात्री, पांढरा सुती रुमाल, पाण्याची बाटली आणि घडी होणारी मोठी पिशवी. कात्री पर्सच्या तळाशी ठेवा. मॉलच्या दारात तपासणीला अडवली तर ती तिथे ठेवावी लागते, म्हणून मी रविवारी ती सामानातच सोडते. पायात जुने, सवयीचे बूट. नव्या चपला घालून आलात तर दुपारी तीनला सहल संपली समजा.

इशारा: सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवणार असाल तर बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट जपून ठेवायला हवं. चेन असलेली पण कुलूप नसलेली कापडी पिशवी घेत नाहीत.

## ३. रविवार: तीन पायऱ्या, वरून खाली

एकच प्रकार महागड्या दुकानात आहे, मधल्या बाजारात आहे की फुटपाथच्या ढिगात आहे, यावरून त्याचं वय कळतं. म्हणून तिन्ही ठिकाणं त्याच दिवशी, याच क्रमानं बघायची. उलट क्रमानं गेलात तर फुटपाथवरचं स्वस्त बघून डोळे भरतात आणि मॉलमधली बारीक कारागिरी दिसतच नाही.

पहिली पायरी: लोअर परळचं पॅलेडियम. पश्चिम रेल्वेनं आलात तर लोअर परळ, मध्य रेल्वेनं आलात तर करी रोड, दोन्हीकडून चालत. अकराला दारात असा. दुपारनंतर गर्दी होते आणि विक्रेत्या मुली आपल्याकडे लक्ष देत नाहीत, किंवा फारच लक्ष देतात. आपण फॅशनचे प्रेक्षक नाही, शिवणारे आहोत, तेव्हा बाहुलीवर काय आहे यापेक्षा रॅकवर एकाच कटचे किती रंग आणि किती साइज लावलेत ते मोजा. दुकानानं ज्यावर पैसा लावला, तो माल जास्त खोल भरलेला असतो. बाहुलीवरचा लेहंगा नुसता काचेला शोभा आणण्यासाठी असतो.

मग तीन कपडे घेऊन ट्रायल रूममध्ये जा. इथे खरा अभ्यास होतो. कपडा अंगात घालून हात वर करा, खाली बसा, वाका. मुंढा (बाहीचा खांद्याकडचा जोड) कुठे ओढतो? बसल्यावर चिरेचं तोंड कुठवर उघडतं? मग काढून उलटा करा. शिलाईच्या आत किती कापड सोडलंय, अस्तर पूर्ण आहे की छातीपर्यंतच, गळ्याला फ्युजिंग (आतून चिकटवलेलं कडक कापड) आहे की नुसती पट्टी, खिसा बाजूच्या शिलाईत कुठल्या उंचीवर लावलाय, ते बघा. घेर वितीनं मोजा. टेप काढून मापं घेत बसलात तर ते त्यांनाही आवडत नाही आणि आपल्यालाही शोभत नाही. आपली वीत किती इंचांची आहे ते घरून मोजून या. माझी साडेसात आहे.

दुकानात कपड्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ट्रायल रूममध्ये स्वतःचा फोटो काढायला सहसा कोणी हरकत घेत नाही. बाहेर येऊन बाकावर बसा आणि लगेच लिहा. पाचव्या दुकानानंतर पहिल्या दुकानातली बाही आठवत नाही.

नोंद अशी असावी: “कुर्ता, गुडघ्याच्या वर, सरळ कट, दोन्हीकडे खिसे. मलमल. अस्तर छातीपर्यंत. गळ्याला जाड दोऱ्याचा हातटाका, दिसेल असा. मॉल ३, लिंकिंग –, दादर –. कोणासाठी: बँकेतल्या दोघी.” ‘मॉल ३’ म्हणजे मॉलमध्ये तीन ठिकाणी दिसलं. मोकळ्या जागा पुढच्या दोन पायऱ्यांवर भरायच्या.

दुसरी पायरी: वांद्र्याचा लिंकिंग रोड. लोअर परळहून धीमी लोकल, वांद्र्याला उतरून पश्चिमेला रिक्षा. (शहराच्या दक्षिण भागात रिक्षा चालत नाहीत, तिथे टॅक्सी. पहिल्यांदा येणाऱ्या मैत्रिणी सीएसएमटीबाहेर रिक्षा शोधत उभ्या राहतात.) वेळ असेल तर हिल रोडवर एल्को आर्केडही बघा. लग्नाचे आणि सणाचे कपडे तिथे दाटीवाटीनं लागलेले असतात.

लिंकिंग रोडचे स्टॉलवाले हुशार. जे खपतं तेच पुढे टांगतात, कारण जागा वावभर. मॉलमध्ये पाहिलेल्या गोष्टींपैकी कुठल्या इथे उतरल्यात ते वहीतल्या दुसऱ्या रकान्यात मोजा. नक्कल करताना त्यांनी काय गाळलं तेही बघा. गळ्याचा हातटाका जाऊन तिथे छापील रेघ आली असेल, खिसा गेला असेल, तर तुम्ही गावात तोच खिसा आणि तोच टाका देऊन चांगले पैसे घेऊ शकता. आपली जागा त्या गाळलेल्या गोष्टींत असते.

रविवारी पाकीट बंद, याला एकच अपवाद: कट अगदीच कळला नाही तर उसवून बघायला इथून एक कपडा घ्या. एकच. घासाघीस करा, पण घ्यायचा नसेल तर भाव करत बसू नका.

इशारा: नामवंत ब्रँडचं लेबल लावलेला नकली माल विकायला घेऊ नका. तो ट्रेडमार्कच्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि छोट्या गावात बातमी लवकर पोचते. कटवरून कल्पना घ्या, कोणाची छपाई जशीच्या तशी उतरवू नका.

तिसरी पायरी: दादर पश्चिम. संध्याकाळी स्टेशनबाहेरून रानडे रोडपर्यंत चाला. ढिगात काय पडलंय? तेच कापड, तोच कट शंभर-दोनशेच्या आरोळीत विकला जात असेल तर मुंबईत त्याचा बहर ओसरलाय. गावात त्याची मागणी अजून यायची असते, हे खरं. एक हंगाम निघेल, पण त्याचा साठा करू नका.

आणि माणसं बघा. प्लॅटफॉर्मच्या बाकावर पंधरा मिनिटं बसा. पुलावर उभं राहू नका, लोक ओरडतात. समोरून जाणाऱ्या ५० बायका मोजा: बाही किती लांब, खाली लेगिंग, पलाझो की सरळ पँट, ओढणी आहे की नाही. फोटो कोणाचेही काढायचे नाहीत, नुसत्या उभ्या रेघा मारायच्या. दोन वर्षांपूर्वी माझ्या ५० रेघांत लेगिंग फक्त ९ निघाल्या. परत आल्यावर मी लेगिंगचा साठा निम्मा केला आणि तो निर्णय चुकला नाही.

## ४. रविवार रात्र: खोडणे

मुक्कामाच्या खोलीवर पाय कोमट पाण्यात बुडवा आणि वही उघडा. तीस-चाळीस नोंदी झालेल्या असतात. त्यातून पाच ठेवायच्या.

मॉल आणि लिंकिंग रोड दोन्हीकडे दिसलेली, दादरच्या ढिगात न पोचलेली गोष्ट सगळ्यात भरवशाची. फक्त मॉलमध्ये दिसलेली असेल तर एक नमुना शिवा आणि थांबा. मग प्रत्येक नोंदीतून ‘उचलायचं काय’ ते वेगळं काढा. अख्खा पेहराव क्वचितच उचलता येतो.

उदाहरणार्थ अलीकडची फर्शी सलवार. घेर जमिनीवर लोळतो, फोटोत देखणी दिसते. माझ्या शाळेतल्या बाई ती घालून स्कूटीवर बसल्या तर पहिल्याच चौकात घेर चाकात जाईल. म्हणून मी सलवार सोडली, तिच्या खालची रुंद पट्टी तेवढी घेतली आणि घोट्यापर्यंतच्या सरळ पँटला लावली. पट्टीमुळे नवेपणा दिसतो, आणि पँट त्यांच्या सवयीचीच असते.

तपासा: उरलेल्या प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी आहेत का? कोणासाठी, कुठलं कापड, किती मीटर. नसतील तर उद्या बाजारात पाऊल टाकू नका.

## ५. सोमवार: मंगलदास, दोन फेऱ्या

सकाळी आठ ते साडेदहा सीएसएमटीकडे येणाऱ्या लोकलला जीवघेणी गर्दी असते. दुकानं अकराच्या सुमारास नीट उघडतात, तेव्हा उगाच घाई करू नका. सीएसएमटीहून क्रॉफर्ड मार्केट दहा मिनिटांवर. तिथून जामा मशिदीच्या शेजारी मंगलदास. पश्चिम रेल्वेवरून आलात तर मरीन लाइन्सला उतरा. जवळचं मूळजी जेठा मार्केट मुख्यतः घाऊक व्यापाऱ्यांचं आहे. पाच-दहा मीटरवाल्यांनी मंगलदासमध्येच राहावं.

पहिली फेरी: चिंध्या. तासभर फक्त फिरायचं. कापड आवडलं की चिंधी मागा, वहीत स्टेपल करा, शेजारी भाव, पन्हा (कापडाची रुंदी), दुकानाचा नंबर आणि कापडाचा क्वालिटी नंबर लिहा. आतल्या गल्ल्या सारख्याच दिसतात. नंबर लिहिला नाही तर “खांबाच्या उजवीकडे, चष्मेवाले काका” एवढ्यावर परत दुकान सापडत नाही. कार्ड मिळालं तर त्याच कार्डाच्या मागे चिंधी लावा.

चार प्रश्न ठरवून ठेवा. पन्हा किती? कमीत कमी किती द्याल? धुतल्यावर आटतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचा: रनिंग आहे की लॉटचा माल? रनिंग म्हणजे पुन्हा मिळेल. लॉटचा म्हणजे संपला की संपला. एकदा एक विक्रेता मला म्हणाला, “ताई, ले लो, कल नहीं मिलेगा.” मी म्हटलं, “कल नहीं मिलेगा, तो परसों मेरी गिऱ्हाइक को क्या दूँ?” तो हसला आणि त्यानं दुसरा ताका काढला.

मधली सुट्टी. बाहेर या, काहीतरी खा, चिंध्या वहीत शेजारी शेजारी ठेवून उन्हात बघा. ट्यूबलाइटखाली मोरपंखी वाटलेला रंग बाहेर नुसता निळा निघतो. ही सुट्टी न घेता सरळ घेत सुटणं ही सगळ्यात महाग चूक.

दुसरी फेरी: तपासून घेणे. पन्हा टेपनं मोजा. ४४ इंच सांगतात, काठ सोडून कापायला ४२ मिळतो, आणि घेरदार कळ्यांना तो २ इंचांचा फरक रडवतो. गडद रंगावर ओला पांढरा रुमाल चोळा. रुमाल रंगला तर फिकट अस्तरासोबत ते कापड शिवता येणार नाही. ताका चार-पाच मीटर उलगडून उजेडाकडे धरा. तुटलेले धागे, छपाईतली उडी दिसते.

अजरख (हातानं ठशांनी छापलेलं) म्हणून दाखवलेलं कापड उलटं करा. ठशांनी छापलेल्या कापडावर रंग मागच्या बाजूलाही उतरलेला असतो आणि ठसा जिथे जुळतो तिथे केसभर फरक दिसतो. मागून पांढरंफटक आणि पुढून अगदी काटेकोर असेल तर ते मशीनवरचं. मशीनवरचं घ्यायला हरकत नाही, पण मशीनच्या भावानं घ्या आणि गिऱ्हाइकालाही तसंच सांगा.

इशारा: सुती की पॉलिस्टर हे दोरा जाळून कळतं: सुती कागदासारखा जळून राख होते, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. पण काडी बाजारात ओढू नका. चारी बाजूंना कापड आहे. चिंधी घरी नेऊन, ताटलीत जाळा.

किती घ्यायचं? मी नव्या गोष्टीचं ५ मीटर आणि भरवशाच्या गोष्टीचं १० मीटर घेते. ४४ पन्ह्यात साधा कुर्ता अडीच मीटरला बसतो, म्हणजे १० मीटरमध्ये चार कुर्ते, तीन मापांत. चार खपले की फोन करून आणखी मागवता येतं, रनिंग असेल तर. एका रंगाचं सगळं कापड एकाच लॉटमधून, म्हणजे इथे एकाच वेळी रंगवलेल्या मालातून, कापून घ्या. कुर्ता एका लॉटचा आणि पँट दुसऱ्या लॉटची असेल तर सेट दुकानात जुळतो, उन्हात फुटतो.

बिल पक्कं घ्या. नोंदणी असेल तर आपला जीएसटी नंबर बिलावर बरोबर आहे का ते तिथेच वाचा. तयार कपड्याची किंमत लावतानाही हे लक्षात असू द्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. २६०० चा सेट ठरवण्याआधी एकदा हिशेब करा.

गठ्ठा जड झाला तर ट्रान्सपोर्टनं पाठवायला सांगा आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) हातात घेतल्याशिवाय निघू नका. चिंध्या मात्र स्वतःजवळ. हातात मोठं बोचकं असेल तर लोकलच्या मालडब्यात चढा.

## ६. भुलेश्वर: कापडानंतरच

लेस, लटकन, गोटा, बटणं यांच्यासाठी मंगलदासमधून चालत भुलेश्वर. कापडाआधी तिथे जाऊ नका. लेस बघून भुलतो आणि मग तिला शोभेल असं कापड शोधत फिरतो. चिंधी लेसवर ठेवा आणि दुकानाच्या पायरीवर, उजेडात येऊन बघा. लेसची पूर्ण गुंडाळी बहुतेकदा ९ मीटरची असते. ज्या घेराला लावायची तो इंचात वहीत लिहिलेला असेल तर किती गुंडाळ्या लागतील ते लगेच कळतं. कपाटातल्या जुन्या ताक्यांच्या चिंध्या इथे बाहेर काढायच्या. माझ्या पोपटी जॉर्जेटला इथेच काळी-चंदेरी पट्टी मिळाली आणि नवरात्रात त्याच्या सात ओढण्या गेल्या.

## ७. परत आल्यावर

थेट कापायला घेऊ नका. प्रत्येक कापडावर २० बाय २० सेंटिमीटरचा चौकोन पेननं आखून तेवढा तुकडा धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. १९ भरला तर ५ टक्के आटलं. अख्खं कापड आधी भिजवा. लेससुद्धा भिजवा. कापड आटलेलं आणि लेस कोरी असेल तर पहिल्या धुण्यात लेस आकसते, खालची कड गोळा होते आणि काकू तो कुर्ता काउंटरवर आपटतात.

मग प्रत्येक प्रकाराचा एकच नमुना शिवा, बाहुलीच्या मापाचा नाही, तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या मापाचा. माझ्याकडे ते एक्सएल आहे. काउंटरजवळ टांगा आणि दहा दिवस कोणी हात लावला, कोणी किंमत विचारली, कोणी घालून पाहिला ते वहीत तीन वेगळ्या रकान्यांत लिहा. हात सगळ्याच लावतात. घालून बघणाऱ्या तीन झाल्या की मंगलदासला फोन करा. कार्डामागची चिंधी समोर ठेवा, दुकानाचा आणि क्वालिटीचा नंबर वाचून दाखवा आणि त्यांच्याकडून ताक्याचा फोटो मागवा. नुसतं “ते फिकट निळं” म्हणालात तर त्यांच्याकडे फिकट निळे पंधरा असतात.